लाल चकतीचा माणूस

साहेब, तौफिकला वेड लागलेलं नव्हतं. त्याला वेडा ठरवलं तुम्ही. तेही एका आठवड्यात, हार घालून, फोटो काढून.

नाव लिहीत नाही तुमचं. वाळूजमध्ये तुमच्यासारखे साहेब गल्लोगल्ली आहेत. चोराच्या मनात चांदणं असतंच, तेव्हा तुमचं तुम्हाला कळेल.

मी तुमच्या कंपनीत अकरा वर्षं क्वालिटीत आहे. पत्रा दाबून घडवणाऱ्या प्रेस मशीनखालून निघालेला पार्ट हातात घ्यायचा, मापाचं गेज लावायचं आणि टॅग बांधायचा. हिरवा म्हणजे माल पास. पिवळा म्हणजे थांबवा, दुरुस्त होतोय का बघा. लाल म्हणजे भंगार. लाल टॅगचा पार्ट लाईनवर दिसला तर तुम्ही माणसाला उभा सोलता. त्या मालासाठी जाळीचा पिंजरा केलाय, कुलूप लावून. एवढं तर झाडू मारणाऱ्या मालनबाईलाही पाठ आहे.

पाठ नव्हतं ते फक्त श्रेया मॅडमना. त्या पुण्याच्या हेड ऑफिसातून आल्या आणि येताना ‘मन मोकळं सप्ताह’ घेऊन आल्या. गेटवर हजेरीच्या मशीनशेजारी बोर्ड लागला. वर एक गोरीपान बाई उन्हात हात पसरून हसतेय, खाली लिहिलंय, ‘तुमचं मन, आमची जबाबदारी’. उन्हात उभं राहून असं हसणारं माणूस मराठवाड्यात मी तरी पाहिलेलं नाही. बोर्डावर सगळ्यांचे टोकन नंबर, आणि डब्यात तीन रंगांच्या चुंबकाच्या चकत्या. हिरवी, ‘मस्त आहे’. पिवळी, ‘ठीकठाक’. लाल, ‘मदत हवी’.

रंग तेच, साहेब. एकालाही वाटलं नाही की या शेडमध्ये लाल म्हणजे काय ते आधी कुणाला तरी विचारावं.

‘‘मनातलं बोला,’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘इथं तुम्हाला कुणी जज करणार नाही.’’

‘‘जज? मॅटर कोर्टात गेलं की काय?’’ मागून कुणीतरी म्हणालं. मॅडमही हसल्या. बाई मनानं वाईट नाहीत.

वर तुम्ही बक्षीस लावलं. ज्या विभागाच्या जास्त चकत्या हिरव्या, त्या विभागाला स्टीलचे डबे. मग काय, आमचे सुपरवायझर काकासाहेब सकाळी साडेसहालाच बोर्डापाशी उभे. ‘‘ए, हिरवी लाव. तू पण हिरवी. घरी काय रडायचं ते रड, इथं डबा जिंकायचाय.’’ पुंजाराम आईच्या दहाव्याला गंगापूरला गेलेला. काकासाहेबांनी त्याच्या नंबरासमोरही हिरवी चिकटवली.

‘‘अहो, आई गेली त्याची,’’ मी म्हणालो.

‘‘मग? लई दिवस अंथरुणाला खिळून होती. सुटली बिचारी. त्याला बरंच वाटत असंल.’’

मीही हिरवी लावली. त्या दिवशी मला बरं वाटत होतं का, ते सोडा. विचारलं कुणी होतं? चकती लावायला सांगितली, लावली.

एकट्या तौफिकनं लाल लावली.

का लावली ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो. दीड महिन्यापूर्वी चार नंबरच्या प्रेसमध्ये विश्वजीतचा हात गेला. तौफिक शेजारच्या मशीनवर होता. त्यानंच धावत जाऊन प्रेस बंद केली आणि खाली पडलेला हातमोजा उचलला. हातमोजा रिकामा नव्हता. तुमच्या अहवालात सगळी गोष्ट एका ओळीत आहे, ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे दुखापत’. तौफिकची ओळच नाही. बरोबर आहे, त्याला कुठं काय लागलं होतं?

दोन तासांत प्रेस धुऊन परत चालू केलीत. तेव्हापासून प्रेस खाली आली की तौफिकचा खांदा उडायचा. मिनिटाला पंधरा वेळा प्रेस खाली येते. हातमोजा घालायच्या आधी तो त्यात फुंकर मारून बघायचा. रात्री झोप नाही, ताटात मटण आलं की उठून जायचा. बायकोनं, शमशादभाभीनं, ताईत आणून मनगटाला बांधला. तोही हातमोज्याच्या आत जाईल म्हणून काढून ठेवला.

‘‘काइकू लावली लाल?’’ मी त्याला गेटबाहेर चहाच्या टपरीवर विचारलं.

‘‘बोर्डावर लिहिलं होतं ना भाऊ, मदत हवी. मेरेकू हवी थी.’’

इतकं सरळ. अकरा वर्षांत आमच्या शेडमध्ये कुणी इतकं सरळ बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

मदत लगेच आली, हे मान्य. दुसऱ्याच दिवशी तुम्ही त्याला सगळ्यांसमोर उभं केलं, हार घातला. ‘मन मोकळं करणारा पहिला कर्मचारी!’ टाळ्या झाल्या. फोटो कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. तिथून तो त्याच्या मेव्हण्याकडं, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या मोहल्ल्यात. नंतर काचेच्या केबिनमध्ये बसवून बंगळुरूच्या समुपदेशक बाईंशी व्हिडिओवर बोलणं. गोपनीय होतं म्हणे. काच होती, पण दार लावलेलं होतं. आख्खी शिफ्ट बाहेरून बघत होती.

‘‘एक ते दहामध्ये तुमचं टेन्शन किती?’’ बाईंनी विचारलं.

‘‘मॅडम, याला गेज नाय.’’

मग डोळे मिटून समुद्रकिनारा बघायला सांगितला. डोळे मिटले की हातमोजा दिसतो, हे सांगेपर्यंत बारा मिनिटं संपली.

तौफिकची मागणी एकच होती. टूलरूममध्ये टाका. टूलरूम, म्हणजे प्रेसचे साचे दुरुस्त करायची जागा, वेगळ्या शेडमध्ये आहे, तिथं प्रेसचा आवाज पोचत नाही. त्यानं तीन वर्षं तिथं काम केलंय, आणि एक जागा रिकामी आहे. पगार तोच, काम ओळखीचं. फक्त शेड बदलायची होती.

झालं काय? काकासाहेबांनी त्याला मशीनवरून उठवलं. ‘‘लाल हाय तू. लाल माल लाईनवर चालत नाय. सेफ्टी हाय बाबा.’’ आणि नेऊन बसवलं कुठं? भंगाराच्या पिंजऱ्यापाशी, स्टुलावर, तुकडे निवडायला. काकासाहेबांना शिव्या देऊ नका. लाल दिसलं की काय करायचं हे त्यांना तुम्हीच शिकवलंत, परीक्षा घेऊन, सर्टिफिकेट देऊन. आणि तो पिंजरा चार नंबरच्या प्रेसपासून सहा पावलांवर आहे. आधी निदान मध्ये त्याचं स्वतःचं मशीन तरी होतं.

आता माझं सांगतो, नाहीतर म्हणाल स्वतःला वगळून लिहिलं. पहिल्या दिवशी मीच ओरडलो, ‘‘काय तौफिकभाई, भंगारवाला कधी येतोय न्यायला?’’ सगळे हसले. तोही हसला. ‘‘आया तो पहिले तुमकूच ले जाता भाऊ, जुना माल हाय तुम्ही.’’

तिसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर कुणीतरी लाल टॅग चिकटवला. तो घेऊन माणूस कँटीनमध्ये जेवला, कंपनीच्या बसमध्ये बसला, घरी गेला. भाभीनं काढला. ‘‘ये क्या है?’’ ‘‘कंपनी का है.’’ टॅगवर शिक्का माझा होता. मी चिकटवला नव्हता, माझ्या टेबलावरून उचललेला होता. पण विनोद कुणी सुरू केला होता, साहेब? मी.

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. डबे ऑफिसवाल्यांनी जिंकले. तिथं प्रेस नाही.

चार दिवसांनी तुमचं पत्र गेलं, फिटनेसचा दाखला आणा. मी त्याला घाटीत, सरकारी दवाखान्यात, घेऊन गेलो. एवढी गर्दी, पण डॉक्टरांनी त्याचं पुरतं ऐकलं आणि लिहून दिलं, ‘कामास योग्य. प्रेस मशीनच्या आवाजापासून दूर काम द्यावे.’ औषधं चालू केली. तो कागद घेऊन आम्ही दोघं गेल्या बुधवारी तुमच्या केबिनमध्ये आलो. आठवतंय?

‘‘हे फिट नाही,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘यात अट आहे. पूर्ण फिट असा दाखला आणा, नाहीतर सोमवारपासून गेटवर येऊ नका.’’

श्रेया मॅडम कोपऱ्यात बसलेल्या. ‘‘सर, टूलरूममध्ये एक जागा आहे,’’ त्या हळूच म्हणाल्या.

‘‘मॅडम, याला एकाला जागा दिली तर उद्या अख्खी कंपनी लाल लावेल.’’

‘‘लावू द्या की,’’ मी म्हणालो. ‘‘निदान कळंल तरी किती जणांना लावायची होती.’’

‘‘तू क्वालिटी बघ.’’

उठताना तौफिकनं खुर्ची नीट आत सरकवली.

मग मी क्वालिटीच बघितली, साहेब. आपल्याकडं डेव्हिएशन नावाचा एक फॉर्म आहे. पार्ट थोडा चुकलाय, ठरल्या जागी बसत नाही, पण दुसरीकडं चालतो, तर टाकून देत नाहीत. फॉर्म भरतात, अट लिहितात, तुम्ही सही करता आणि माल जातो. मागच्या महिन्यात चार हजार ब्रॅकेटांची भोकं अर्धा मिलिमीटर सरकली होती. ‘फक्त मागच्या बाजूस वापरावे.’ चहा पिता पिता तुम्ही सही केलीत. मान वर केली नाही.

म्हणून मी गुरुवारी फॉर्म भरला. नाव: तौफिक पठाण. नग: एक. त्रुटी: प्रेसच्या आवाजाने दचकतो. त्रुटीचे कारण: चार नंबरची प्रेस. अट: टूलरूममध्ये वापरावे. जोडलेली कागदपत्रं: डॉक्टरांचा दाखला.

प्रॉडक्शनच्या रकान्यात काकासाहेबांची सही लागते. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

‘‘गोकुळ, हे चालतंय का रं?’’

‘‘पत्र्याला चालतंय.’’

त्यांनी सही केली. ‘‘पोरगं लई सरळ हाय ते,’’ एवढंच बोलले आणि नाक शिंकरत लाईनवर गेले. श्रेया मॅडमची सही लागत नव्हती. त्यांनी स्वतःहून खाली केली, पूर्ण नावानिशी. क्वालिटीची मी केली.

शुक्रवारी फॉर्म तुमच्या टेबलावर ठेवला. ‘‘काय चावटपणा आहे हा?’’ तुम्ही ओरडलात. ‘‘माणसाचा असा फॉर्म असतो का?’’

नाही, साहेब. माणसाचा फॉर्मच नाही आपल्याकडं. म्हणून पत्र्याचा वापरला.

तुम्ही तो ड्रॉवरमध्ये टाकलात आणि मला जायला सांगितलंत. आज रविवार आहे. उद्या सकाळी सातला तौफिक गेटवर येणार, आणि त्याला आत सोडायचं नाही असं गेटवर लिहून ठेवलंय. मी त्याच्याबरोबर उभा राहणार आहे. माझं काय करायचं ते करा.

पण आधी ड्रॉवर उघडा. सही करायची असेल तर करा. नसेल करायची तर खाली ‘नामंजुरीचे कारण’ असा रकाना आहे, तो कोरा सोडायचा नाही, हा नियमही तुमचाच. तेव्हा तुमच्या हातानं, शाईच्या पेनानं कारण लिहा. अर्धा मिलिमीटर चुकलेल्या चार हजार पत्र्यांना तुमच्या कंपनीत जागा आहे. मग दचकणाऱ्या एका माणसाला का नाही?

उत्तर द्या, साहेब. सातच्या आत.