पलीकडचं ‘नाही’

भांड्यांच्या जाळीतून वाटी घसरली आणि खणकन फरशीवर पडली. मानसीनं दचकून मांडीवरच्या पिंकीकडे पाहिलं. पोरगी झोपेतच ओठ हलवून परत शांत झाली. लॅपटॉपचा पडदा मात्र मघापासून होता तसाच गोठलेला.

“परत अडकलं व्हय गं?” सासूबाई दारातून म्हणाल्या. “त्या टॉवरला काय रोग आलाय कुनास ठावं!”

मानसीलाही चार दिवस तसंच वाटत होतं. कार्ल्यात त्यांच्या आळीला रेंज पहिल्यापासूनच बारीक. म्हणून तर पिंकी झाल्यावर कैलासनं पुण्याच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर कॉम्प्रेशन चालू करून दिलं होतं. गोधडी दाबून दाबून पिशवीत बसवावी, तशी माहिती आवळून यायची आणि हिचं काम घरबसल्या व्हायचं. सर्व्हर त्याच्या ताब्यात, त्यावरचे रिपोर्ट हिच्याकडे. नवरा-बायको एकाच कंपनीत. आता साहेबांनी बजावलं होतं, आज रिपोर्ट आले नाहीत तर काम दुसऱ्याला.

तिनं कनेक्शन तोडलं आणि पुन्हा जोडताना लॅपटॉपला एकेक पायरी पडद्यावर दाखवायला लावली. ओळी सरकत गेल्या. तिच्या लॅपटॉपनं कॉम्प्रेशन मागितलं होतं. सर्व्हरचं उत्तर होतं, नाही.

टॉवर बिचारा ठणठणीत होता.

तिनं ऑफिसात प्रेरणाला फोन लावला.

“अगं, कैलासदादांनीच बंद केलं की सोमवारी!” प्रेरणा म्हणाली. “म्हणाले, तू नोकरी सोडतेयस, आता कुणाला लागणार नाही. मी रुसलेय हं तुझ्यावर. आम्हाला सांगायचं तरी!”

“राहून गेलं गं,” मानसी म्हणाली आणि फोन ठेवला.

कालच तो शेजारी बसून याच अडकलेल्या पडद्याकडे बघत हळहळला होता. ‘किती जीव काढशील? रेंजच नाही तर तू तरी काय करणार? दे सोडून.’ वर आलं घालून चहा करून दिला होता. आणि तिला, वेडीला, भरून आलं होतं.

पिंकी डोळे चोळत उठली. पडद्याकडे पाहून तिनं आईच्या गालाला हात लावला.

“आई, अडकलं?”

“हो, बाळा.”

“मग बाबाला सांग ना. बाबाला येतं ना नीट करायला?”