रिकामी म्हणून हिणवलेली कुपी

मित्रांनो, मी एक जुने प्रथिन आहे. माणसाच्या शरीरात एक पेशी दुसरीला निरोप धाडते, तो निरोप म्हणजे मी. पण माझा जन्म शरीरातला नाही. माझी कृती माणसाच्या जनुकातली, पण मला घडवले जिवाणूंनी, एका पोलादी पिंपात. मग गाळून, गोठवून, वाळवून मला काचेच्या कुपीत भरले. तिथे मी इतके थोडे होते, की डोळ्यांना दिसतच नसे. म्हणून जो तो कुपी उजेडात धरी आणि माझ्याकडे संशयाने बघे. मीही कुणावर भरवसा ठेवत नाही. फ्रीजचे दार उघडले, की हात कोणाचा ते आधी बघते.

आमच्या डबीत दोन कुप्या होत्या. एकीत मी, दुसरीत माझे भावंड, दोघेही एकाच पिंपातले. आम्हाला मागवले होते संशोधन करणाऱ्या एका मुलीने. प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत. तिच्या पेशी आमच्या निरोपावाचून जगत नसत. त्या आधी एकदा मेल्या होत्या. पुन्हा मेल्या तर काम दुसऱ्याला देईन, असे प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तिला बजावले होते.

वाळलेले प्रथिन प्रवासात धक्के खाऊन झाकणाला चिकटते. म्हणून उघडण्याआधी कुपी यंत्रात गरगर फिरवून त्याला तळाशी आणायचे असते. ताई भावंडाची कुपी घेऊन यंत्राकडे निघालीच होती.

"दे इकडे. एवढ्याशासाठी यंत्र कशाला?" सर म्हणाले.

त्यांनी स्वतःच झाकण काढून टेबलावर ठेवले आणि कुपीत द्रव घातला. मी शेजारी बर्फात बसून बघत होते. भावंड झाकणातच राहिले, आणि आवराआवरीत झाकण कचऱ्यात गेले.

पेशी मेल्या.

"कंपनीने रिकामी कुपी गळ्यात मारली," सर म्हणाले. मग ताईकडे वळून, "का तूच काही घोळ घातलास?"

"नाही सर. मी नेहमीसारखंच केलं सगळं."

"मग दुसरीही तसलीच असणार. टाकून दे."

चोर सोडून संन्याशाला फाशी! मला वाटले, आता ताईही मान डोलावणार. तिच्यावर तरी का विश्वास ठेवावा?

"एकदा बघू द्या ना, सर," ती म्हणाली. "ही मी उघडते."

तिने मला यंत्रात फिरवले आणि उजेडात धरले. मी दिसले नाहीच. तिच्याही कपाळाला आठी पडली, ते मला फार लागले. तरी तिने कडेकडेने द्रव सोडला, मी विरघळेपर्यंत न हलवता वाट पाहिली आणि मला पेशींकडे नेले.

दोन दिवसांनी तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशी जगल्या होत्या, वाढतही होत्या.

सरांनीही वाकून पाहिले. "बघ, ही बरी निघाली. ती पहिलीच खोटी होती."

ताईने तोंड उघडले, पुन्हा मिटले. "हो, सर," ती म्हणाली. तिचे काम तिच्याकडे राहिले. मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली.

मित्रांनो, माझे भावंड खोटे नव्हते. हे सांगणारे दुसरे कुणी नाही, म्हणून मी सांगते. कुणालाही रिकामे म्हणण्याआधी झाकण बघत जा. आणि ते कुणी उघडले होते, तेही विचारत जा.