कोरड्या जिल्ह्यातली सरकारी छत्री

२६ जुलै. आकाश निरभ्र, ऊन कडक, पावसाचं नाव नाही. अशा दिवशी मी देशभर गाजले.

मी छत्री बोलतेय. चीनमधल्या गान्सू प्रांताच्या उजाड डोंगरांतल्या एका जिल्हा कार्यालयाची, काळी, लाकडी मुठीची. पाऊस तिथे पडतच नाही, म्हणून साहेबांच्या डोक्यावर राहणं एवढंच माझं काम. तेवढ्यावर मी स्वतःलाही अधिकारी समजत असे. कोपऱ्यातल्या झाडूशी बोलत नसे.

मला धरायचा मियाओ दशुन. पंधरा वर्षं हंगामी कर्मचारी. यंदा नक्की कायम करू, असं त्याला सांगितलेलं होतं. म्हणून त्याचा हात जराही हलत नसे.

त्या दिवशी उपजिल्हाप्रमुख छू साहेब त्याच्याच गावात नव्या पंपाचं उद्घाटन करायला आले. गावकरी सकाळपासून उन्हात उभे. मी साहेबांवर, मियाओचं टक्कल उन्हात.

पुढच्या रांगेतून फेंग आजी म्हणाल्या, "काय रे दशुन, साहेबांचं डोकं मेणाचं आहे का?"

"हळू बोला, आजी. माझी नोकरी हंगामी आहे."

"आमची विहीरही हंगामीच आहे. आम्ही कुठं हळू बोलतो?"

साहेबांनी बटण दाबलं. नळ खोकला, वाटीभर गढूळ पाणी ओकला आणि गप्प झाला. टाळ्या मात्र ठरल्याप्रमाणे वाजल्या. तेवढ्यात कुणीतरी आमचा फोटो काढला आणि इंटरनेटवर टाकला.

संध्याकाळी कार्यालयातल्या टंकलेखिका बाई त्या फोटोवरच्या प्रतिक्रिया वाचायला लागल्या. माझ्या कापडाचं कौतुक असेल म्हणून मी कान टवकारले.

"'म्हाताऱ्या उन्हात, साहेब सावलीत.' 'पाइपाचे पैसे कुणी खाल्ले ते आधी सांगा.' 'थांबा, आता एखादा हंगामी कामगार पुढे करतील.'"

माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कार्यालयप्रमुखांनी मियाओला चहा दिला. आजवर कधी दिला नव्हता.

"दशुन, छत्री तू आपल्या मनानेच धरलीस, एवढंच लिहून दे. वातावरण निवळलं की परत घेऊ."

"मागच्या प्रकरणात आपल्या ड्रायव्हरलाही हेच म्हणाला होतात, साहेब."

"मग?"

"तो आता कलिंगडं विकतो."

मियाओने चहा संपवला आणि सही केली. निघताना मला काखोटीला मारलं. कुणी अडवलं नाही. त्या फोटोपासून मला हात लावायलाही लोक घाबरत होते.

आता मी त्याच्या गावात, फेंग आजींनी विकायला मांडलेल्या काकड्यांवर उघडी असते. आजी मला बांबूला बांधतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "ही साहेबांची बरं का, नीट भाव द्या." दोन काड्या वाकल्यात. वाचकहो, कधी पाऊस आलाच तर माझ्याखाली जरूर या. पण गळते का ते विचारू नका. मी अजून भिजलेलीच नाही.

निकाल असा: हंगामी कर्मचारी मियाओ दशुन यांना कामावरून कमी केलं. छू साहेबांची त्याच पदावर शेजारच्या जिल्ह्यात बदली झाली. पंप बंद आहे.