कोपरं बाहेर

आमचे डॉक्टर गुरांचे आहेत. त्यांचे पेशंट उलट बोलत नाहीत, म्हणून घरातही कुणी बोलू नये अशी त्यांची अपेक्षा असते. माझ्या बाबतीत ती लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मोडली. त्यांच्या धाकट्या बहिणीने तर ती कधी धरूच दिली नाही. ही माझी नणंद, घरातलं नाव भिंगरी. मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज चालवते आणि सुट्टीच्या दिवशी दगडधोंड्यांतून गाडी कशी चालवायची ते लोकांना शिकवते. तिनं हा उद्योग सुरू केला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "चार दिवसांची थेरं." त्या चार दिवसांना आता बरीच वर्षं झाली.

तर झालं असं, की वरच्या वाड्यांकडे जाणारा पूल खचला आणि जीप बंद झाली. उरली ती नदीच्या कोरड्या पात्रातली गोट्यांची वाट. तिथून गेली तर मोटरसायकलच जाणार. त्यांच्या खात्याच्या साहेबांचा निरोप आला, शुक्रवारी येतो, पात्र ओलांडून दाखवा. जमत नसेल तर तुम्हाला ऑफिसात औषधांच्या साठ्यावर बसवतो, वाड्यांवरच्या लोकांनी जनावरं खाली आणावीत. आता अडलेली गाय डोंगर उतरून दवाखान्यात कशी येणार? डॉक्टर त्या दिवशी धड जेवले नाहीत. ऑफिसातल्या खुर्चीला ते लाथाळ म्हशीपेक्षा जास्त घाबरतात.

शेवटी गेले बहिणीकडे. पण अट घातली, की कुणी विचारलं तर सांगायचं, डॉक्टरच बहिणीला शिकवताहेत.

"बरं," भिंगरी म्हणाली. ती एवढ्या पटकन कुणाचं ऐकत नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

घरामागच्या मोकळ्या जागेत शिकवणी सुरू झाली. कुंपणापलीकडे शेजारचे निवृत्त मास्तर खुर्ची टाकून बसले. भिंगरीने साळसूदपणे विचारलं, "दादा, उभं राहून चालवताना कोपरं बाहेर ठेवायची ना?"

दादाची कोपरं बरगड्यांना चिकटलेली होती. ती हळूच बाहेर आली. "हो. बाहेर."

"आणि गुडघे जरा वाकवून भार पायांवर घ्यायचा? हातांवर नाही?"

"तेच सांगतोय केव्हापासून," म्हणत डॉक्टरांनी गुडघे वाकवले.

"पोरगी जरा मंद दिसते," मास्तर मला म्हणाले. डॉक्टरांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. मी ओढणी तोंडाशी धरून आत पळाले.

उभं राहिल्यावर मनगट सरळ राहावं म्हणून तिनं पान्याने ब्रेक-क्लचचे लिव्हर थोडे खाली फिरवले, तेही "दादा, असंच म्हणालास ना?" असं विचारून. हळूहळू सगळं जमत गेलं, एक मूठ सोडून. गाडी जरा डगमगली की डॉक्टर चारही बोटांनी पुढचा ब्रेक आवळत. पुढचं चाक जागीच अडे आणि डॉक्टर आडवे होत.

"दादा, लिव्हरवर एकच बोट पुरतं ना?"

"पुरतं," ते मातीतून सांगत.

गुरुवारी तर ते मागे कलंडले, हँडलला लोंबकळले, त्या झटक्यात ॲक्सिलरेटर पिळला गेला आणि गाडी त्यांना घेऊन माझ्या वाळत घातलेल्या चादरींत शिरली. चादरीआडूनच म्हणाले, "बघितलंस? असं करायचं नाही."

संध्याकाळी मी त्यांच्या तळहाताच्या फोडांना मलम लावत होते, तेव्हा म्हणाले, "नाही जमलं तर गं?" त्या आवाजाने माझं हसू कुठल्या कुठे पळालं. मलाही भीती वाटत होती.

शुक्रवारी पात्राच्या काठावर साहेब, मास्तर आणि अर्धी गल्ली. डॉक्टर निघाले, उभे, कोपरं बाहेर. निम्म्यापर्यंत झकास गेले. मग गोटे मोठे झाले, पुढचं चाक वळवळलं आणि चारही बोटं लिव्हरवर गेलेली मला काठावरून दिसली. पाय टेकला, इंजिन बंद पडलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

भिंगरी गोट्यांतून धावत पुढे गेली. सगळे कान टवकारून होते. "दादा," ती ओरडली, "एकच बोट ठेवायचं ना? आणि नजर चाकाकडे नाही, पलीकडच्या काठावर..."

"विचारू नकोस," डॉक्टर ओरडले. "सांग."

भिंगरी जागीच थांबली. मग गॅरेजमधला तिचा खणखणीत आवाज आला. "एक बोट. मूठ ढिली. पायांवर उभा राहा, वर बघ. गाडी खाली हलली तर हलू दे, तू हलू नकोस."

त्यांनी किक मारली. गाडी त्यांच्याखाली हवी तशी हिंदकळली, पण ते उभेच राहिले, आणि पलीकडचा काठ चढून मागे न बघता वाड्यांकडे दिसेनासे झाले. एरवी निघताना वळून बघतात. मला थोडा राग आला आणि खूप बरं वाटलं.

"साठ्यावर दुसरा माणूस बघतो," साहेब म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टर धुळीने माखून परत आले, ते आधी मास्तरांच्या कुंपणापाशी थांबले. "मास्तर, मंद होता तो मी. शिकवत ती होती."

भिंगरी माझ्या शेजारी पायरीवर बसली होती. तिनं नाक ओढलं, ओल्या डोळ्यांनीच गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि वाकलेला लिव्हर बोटाने चाचपून पाहिला.

"उद्या उतार," ती म्हणाली. "सात वाजता."

"हो," डॉक्टर म्हणाले.