गाळणी मळून द्या

माझ्या सासऱ्यांना तीन मुली आणि एक मासा. मुली त्यांनी भराभर देऊन टाकल्या. मासा द्यायची वेळ आली तेव्हा मात्र फार विचार केला.

माशाचं नाव सेनापती. अंग सोनेरी, तोंडाच्या दोन्ही बाजूंना झुपकेदार नसल्या तरी रुबाबदार मिशा, आणि लांबी म्हणाल तर माझ्या हाताएवढी. सांगताना मी ती दरवेळी थोडी वाढवतो. पण मासाही दरवर्षी वाढतो, त्यामुळे खोटं कधी फार पुढे जात नाही.

गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर सासरे परसदाराचं घर सोडून थोरल्या जावयाकडे राहायला गेले. थोरले दातांचे डॉक्टर. आम्ही साडू त्यांना मागून दातवाले म्हणतो. दातवाल्यांकडे अंगण नव्हतं, आणि माझ्याकडे अंगणही नव्हतं आणि माझ्यावर विश्वासही नव्हता. राहिले मधले. त्यांची लॉन्ड्री, घराला लागूनच. त्यांच्या सदऱ्यावर माशी बसली तरी पाय पुसून बसते, म्हणून त्यांचं नाव पडलं शुभ्रराव. त्यांनी घरामागे तळं खणलं, काठाशी निळं पिंप ठेवलं, पिंपात खाली गोटे आणि वर स्पंजची गादी घातली. पंपाने तळ्यातलं पाणी पिंपात जायचं, गोट्यांतून आणि स्पंजातून गाळून पुन्हा तळ्यात पडायचं.

मासा सोपवायला सासरे जातीने आले. नेमकी त्याच सकाळी दातवाल्यांनी त्यांना नवी कवळी बसवली होती. कवळी होती सैल. सासरे बोलायचे एक, कवळी बोलायची दुसरं, आणि ऐकणाऱ्याने मधलं काहीतरी धरायचं.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "काठावरून मला सेनापतीच्या मिशा मोजता आल्या पाहिजेत. पाणी निवळशंख! नाही जमलं तर मी त्याला थोरल्यांच्या दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत ठेवणार."

"जमेल, मामा."

"आणि ती गाळणी... मळूस द्या. चांगली मळूस द्या."

"चांगली मळून देतो," शुभ्रराव म्हणाले आणि बाह्या सरसावल्या.

आता 'मळलेलं' हा शब्द शुभ्ररावांनी जन्मभर ऐकला होता तो गिऱ्हाइकांच्या बोचक्याबरोबर, आणि तो पुसून टाकण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. एखादी वस्तू मळू द्यावी असं कुणी शहाणा माणूस सांगेल, हे त्यांच्या कानाच्या भोकातून आत जाणंच शक्य नव्हतं. तेव्हा त्यांनी ऐकलं 'मळून द्या', म्हणजे कणकेसारखी दाबून, तिंबून, रगडून.

त्या दिवसापासून लॉन्ड्री बंद झाली की शुभ्रराव पिंपातली स्पंजची गादी बाहेर काढायचे. गरम पाणी, साबण, ब्रश, मग मळणं, मग धोपटणं, मग साबणाचा वास जाईपर्यंत खळबळणं, मग दोरीवर चिमटे लावून वाळवणं. दुसऱ्यांच्या कपड्यांत मिसळू नये म्हणून गादीच्या कोपऱ्याला लॉन्ड्रीच्या खुणेची पट्टीही शिवली. गोटे तर असे घासले की एक गोटा ताईंनी अंडं समजून उकळत ठेवला. ताई म्हणजे शुभ्ररावांची बायको, माझी मेहुणी.

आणि गादी जसजशी पांढरी होत गेली, तसतसं तळं हिरवं होत गेलं.

आधी पोपटी झालं. मग शेवाळी. मग शेजाऱ्यांची शेळी कुंपण ओलांडून चरायला आली आणि दोन पावलं पाण्यावर चाललीसुद्धा. तिसऱ्या पावलाला तिला शंका आली, म्हणून बुडाली. शंका आली नसती तर पलीकडे गेली असती, असं माझं मत आहे.

"अहो, धुणं कमी पडतंय का?" ताई म्हणाल्या.

"कमीच पडतंय," शुभ्रराव म्हणाले आणि सकाळीही धुवायला लागले. पांढऱ्याला नीळ लागतेच, म्हणून शेवटच्या पाण्यात एकदा नीळ टाकली. हिरव्यात निळं मिसळून तळ्याला जो रंग आला त्याला अजून नाव नाही. मग गादी मलूल दिसते म्हणून तिला खळ केली. त्या आठवड्यात तळं इतकं दाट झालं की सेनापती पोहत नसे, सरकत असे. आणि काठाशी आला की कडक, नुकती घडी मोडल्यासारखा.

हसू नका. शुभ्ररावांचा जीव होता त्या माशावर. दुकान बंद झालं की ते काठावर बसायचे, आणि दिवसभरात कोणकोणते डाग आले, कोणते निघाले, कोणते कुणाच्या बापाला निघणार नाहीत, हे त्याला सांगायचे. हिरव्या पाण्यातून एक तोंड वर यायचं, हातातला दाणा घ्यायचं आणि 'हं' केल्यासारखं मिटायचं. ताई म्हणायच्या, "माझं बोलणं इतकं मन लावून कधी ऐकलंत का?" शुभ्रराव म्हणायचे, "तू मधे बोलतेस."

एके दिवशी दातवाले मोजपट्टी घेऊन आले.

"मासा केवढा आहे? पेटी त्या मापाची करून घेतो. मामा येत्या रविवारी बघायला येतायत. मिशा दिसल्या नाहीत तर तसाच घेऊन जायचं ठरलंय."

"कुठे ठेवणार पेटी?" शुभ्रराव म्हणाले.

"जिथे पेशंट बसतात तिथे. खुर्चीच्या समोर. माणसाचं लक्ष दाढेवरून उडालं पाहिजे."

"म्हणजे त्याने जन्मभर उघडी तोंडं बघायची?"

"मग? तोही दिवसभर तोंड उघडंच ठेवतो की. जमेल त्याचं."

दातवाले गेले. शुभ्रराव तडक पिंपाकडे गेले. रविवारपर्यंत गादी अशी धुवायची की पाण्याला लाज वाटली पाहिजे, अशा आवेशात त्यांनी ती ओली गादी एका झटक्यात उचलली, आणि कमरेत काहीतरी कडकन वाजलं. मी दारात उभा होतो. मला वाटलं फांदी मोडली.

गादी परत पिंपात पडली आणि शुभ्रराव खाटेवर. खाट खिडकीशी, तोंड तळ्याकडे. हाडांच्या डॉक्टरांनी हलायची बंदी केली. बरं, त्याच आठवड्यात सासऱ्यांचा गुडघा सुजला आणि रविवार पुढे गेला. मग त्याच्या पुढचाही गेला.

"गादी धू गं," शुभ्रराव खाटेवरून विनवायचे.

"मुळीच नाही. मी झाकण उघडून बघितलं. काय तो चिकटा! शेंबडासारखा! तुमचा मासा, तुमचं पिंप, तुमची कंबर."

"मेलो मी!"

"मेलात तर चादरी धुवाव्या लागतील. पडा गप्प."

मग एका सकाळी शुभ्ररावांनी खिडकीतून मला हाक मारली. आवाज असा की मी ताईंनी दिलेला चहा टाकून धावलो.

"धाकटे, तळ्याच्या तळाशी ते काय पांढरं दिसतंय?"

"गोटा आहे."

"तळाशी?"

"तळाशी."

तळ्याचा तळ आम्ही तळं खणताना पाहिला होता, त्यानंतर आजच. पाणी निवळत चाललं होतं. पुढच्या काही दिवसांत ते इतकं निवळलं की शेजारच्या मांजरीला तळ्यात पाणीच दिसेना. मासा हवेत तरंगतोय असं समजून तिने उडी मारली, आणि त्यानंतर ती घरात पाणी प्यायच्या वाटीलाही आधी पंजा लावून बघायची.

अखेर सासरे यायचा दिवस उजाडला. शुभ्रराव त्या दिवशी पहिल्यांदा उठले, काठी टेकत पिंपाशी गेले आणि झाकण उघडलं. गादी तपकिरी झाली होती. बुळबुळीत, गाळाने भरलेली, आणि त्या सगळ्या चिखलात कोपऱ्याला त्यांच्याच लॉन्ड्रीची पट्टी.

"साबण आण!" ते किंचाळले.

"अहो, पाणी तर स्वच्छ आहे!" ताई म्हणाल्या.

"तुझ्या बापाने झाकण उघडलं तर? गाळणी मळून देतो म्हणालो होतो मी! माझ्या घरात ही घाण बघितली तर मासा ठेवतील का इथे?"

ताईंनी साबण पदराआड लपवला. शुभ्रराव तो हिसकावणार, एवढ्यात फाटक वाजलं. सासरे आत आले, मागे हातात बादली घेऊन दातवाले. सासरे काठावर वाकले.

"डावीकडे दोन. उजवीकडे... अरे लबाडा, थांब... दोन. चारही आहेत!" त्यांचे डोळे भरून आले. "जावईबापू, जिंकलंत."

"योगायोग असेल, मामा," दातवाले म्हणाले. त्यांनी बादली खाली ठेवली नव्हती. "गाळणी बघा आधी. शुभ्रराव पिंपापुढे असे का उभे आहेत?"

शुभ्रराव हात पसरून पिंपापुढे उभे होते. कंबर वाकडी, चेहरा सदऱ्यापेक्षा पांढरा.

"मामा, मासा न्या," ते म्हणाले, "पण हे झाकण उघडू नका. माझ्या तीन पिढ्यांची अब्रू आहे आत."

सासऱ्यांनी काठीने त्यांना अलगद बाजूला केलं, झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बोटांवर तो चिकटा घेतला, नाकाशी नेला. ताईंनी डोळे मिटून घेतले. मी उघडे ठेवले. असे प्रसंग रोज येत नाहीत.

"वा!" सासरे म्हणाले. "काय सुरेख मळली आहे!"

"मळली?" शुभ्रराव म्हणाले.

"मग काय सांगितलं होतं मी? अहो, हा चिकटा जिवंत आहे. डोळ्यांना न दिसणारे जीव असतात यात. माशाची घाण ते खातात, म्हणून पाणी निवळतं. गादीला साबण लावला की ते मेले, आणि ती घाण मग शेवाळं खातं. म्हणून तर बजावलं होतं, गाळणी मळूस द्या!"

"मळून द्या!" शुभ्रराव ओरडले. "मळून द्या म्हणालात तुम्ही!"

सासऱ्यांनी एकदा शुभ्ररावांकडे पाहिलं, एकदा दातवाल्यांकडे. मग तोंडातली कवळी काढून त्यांनी दातवाल्यांच्या बादलीत टाकली आणि म्हणाले, "मळू द्या." इतका स्वच्छ उच्चार त्या अंगणात कुणी ऐकला नव्हता.

दातवाले बादलीत कवळी घेऊन परत गेले. निदान रिकाम्या हाताने गेले नाहीत.

"मग आता कधी धुवायची?" शुभ्ररावांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"धुवायची नाही. पाणी अडायलाच लागलं तर तळ्याच्याच पाण्यात एकदा बुचकळायची. बाकी तिला हात लावायचा नाही."

"कधीच?"

"मासा हवाय ना?"

तळ्यात सेनापतीने तोंड वर काढलं आणि 'हं' केल्यासारखं मिटलं. शुभ्ररावांनी त्याला एक दाणा दिला. मग त्यांनी खिशातून कात्री काढली, पिंपात वाकले, आणि गादीच्या कोपऱ्याची लॉन्ड्रीची पट्टी तेवढी उसवून घेतली.

"राहू दे मळकी," ते म्हणाले, "पण आमच्याकडची आहे म्हणून कुणाला सांगू नका."

पट्टी मात्र त्यांनी धुतली. नीळ दिली, खळ केली, इस्त्री फिरवली आणि वरच्या खिशात ठेवली. अजून रोज संध्याकाळी काठावर बसले की ती काढतात आणि मळली आहे का बघतात. मळलेली नसतेच. तरी धुतात.