उलटून पाहिलेलं पान

इतागुई शहरातल्या शर्टांच्या कारखान्यात ओमैराने एकोणीस वर्षं एकच काम केलं: तयार शर्ट उलटा करायचा आणि आतली शिवण बघायची. वरून काय, सगळेच शर्ट गोजिरे. कारखाना बंद पडला, पण खोड गेली नाही. आता तिला वेबसाइट बनवायला शिकायचं होतं, आणि शिकवणाऱ्यांची तर जत्राच भरलेली. त्यात खरा कोण आणि थापाड्या कोण, हे वरून कसं कळणार?

आणि चुकायची सोय नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या आईला संध्याकाळी धाकटी बहीण नीदिया सांभाळणार होती, पण तीनच महिने. मग तिची बेकरीतली पाळी बदलणार. हे तीन महिने फुकट गेले, तर ओमैराचं शिकणं राहिलंच.

नीदियाचा नवरा विल्मार याने एका अकादमीची लिंक पाठवली होती. पान झकास होतं. हसरे चेहरे, नोकरीची हमी, आणि वर पळणारे लाल आकडे: सवलत संपायला दोन तास अठ्ठावन्न मिनिटं.

"ताई, डोळे झाकून नाव घाला," विल्मार रोज म्हणे.

"डोळे झाकून मी आजवर बटणसुद्धा पास केलं नाही."

हा माणूस शेजाऱ्याला शिडी देत नाही. त्याला आपल्या शिक्षणाचा एवढा पुळका का, हे तिला कळेना.

दुसरा वर्ग वस्तीतल्या वाचनालयात होता, आणि तो फुकट. फुकटाचाही तिला तितकाच संशय. शनिवारी नमुन्याचा तास होता, तिथे ती मागच्या रांगेत पर्स घट्ट धरून बसली. शिकवणारी मारिसोल आता सही मागेल, मग फोन नंबर मागेल, म्हणून वाट बघत राहिली. मारिसोलने काही मागितलं नाही. माउसचं उजवं बटण दाबून वेबपान आतून कसं बघायचं, तेवढं दाखवलं.

ओमैरा सरसावून बसली. पान उलटं करता येतं, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

तिने पहिल्यांदा वाचनालयाचंच पान उलटलं. ओळी वेड्यावाकड्या, दोन ठिकाणी ठिगळं, पण लपवलेलं काही दिसेना. मग अकादमीचं उघडलं. सगळं कळलं नाही. पण पान बंद करून पुन्हा उघडलं की लाल आकडे दरवेळी तीन तासांपासूनच पळायला लागत, हे कळायला वर्ग कशाला हवा? आणि विल्मारने पाठवलेल्या पत्त्याच्या शेपटाला त्याचंच नाव चिकटलेलं.

"हे कशाला?" तिने विचारलं.

"गिऱ्हाईक कोणी पाठवलं, ते त्यांना कळावं म्हणून," मारिसोल म्हणाली.

राग नंतर आला, आधी वाईट वाटलं. घरच्या माणसाने तिला गिऱ्हाईक केलं होतं.

रविवारी ओमैराच्या स्वयंपाकघरात सानकोचोचं, म्हणजे केळी-कंदांच्या रश्शाचं, पातेलं रटरटत होतं. नीदिया ढवळत होती, विल्मार कच्ची केळी सोलत होता.

"मग, घातलंत नाव?" त्याने विचारलं.

"तुझंच घातलेलं आहे की. लिंकच्या शेपटाला. माझ्या जिवावर तुला काय मिळणार होतं, ते सांग."

विल्मारची सुरी थांबली. "मागल्या वर्षी मीच फसलो, ताई. जुने व्हिडिओ नुसते, शिकवायला कुणी नाही. दोन माणसं आणलीस तर फी परत देऊ म्हणाले."

"दोन. एक मी. दुसरं कोण?"

विल्मारने पुढचं केळं उचललं. नीदियाने पळी पातेल्यात सोडली आणि एप्रनच्या खिशातून फोन काढला.

"मी," ती म्हणाली. "ताई नाव घालतेय, तूही घाल, म्हणाला हा. कार्डाचा नंबर तेवढा राहिलाय. चाळीस मिनिटं उरलीत म्हणून जेवणाआधी उरकणार होते."

ओमैराने तिच्या फोनवरचं पान बंद करून पुन्हा उघडलं. आकडे परत तीन तासांवर गेले. नीदियाने फोन परत खिशात टाकला.

"तुझा तो फुकटवाला वर्ग कधी असतो, ताई?"

"मंगळवारी आणि गुरुवारी, सहाला. पण तूही आलीस तर आईजवळ कोण?"

नीदियाने पळी काढली, पुसली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"हा आहे ना. आईला रस्सा गाळून लागतो, आणि दर दोन तासांनी कूस बदलावी लागते."

"बरं," म्हणत विल्मार पातेलं ढवळायला लागला. याला गाळणी कुठे असते ते तरी माहीत असेल का, असा ओमैराला संशय आलाच.