म्हाळसाबाईचा ड्रम

म्हाळसाबाई सोमवारी वारली. गुरुवारी टँकर आला तेव्हा मात्र ती जिवंत होती. तसं आमच्या गल्लीनं एकमतानं ठरवलं होतं. एरवी आमचं कशावरच एकमत होत नाही.

"म्हातारी कुठाय?" टँकरवाल्या फकिरानं वही उघडली.

"पिशोरला," मी म्हणालो. "भाचीचं लगीन हाय."

"ह्या दुष्काळात?"

"व्हय. पंगतीला ज्याचं पाणी त्यानं न्यायचं."

मेलेल्याचं नाव वहीतून कटतं, मग त्याचा ड्रमही रांगेतून जातो. म्हणून आम्ही तिचा ड्रम भरून घेतला. पुढं त्या पाण्याला कुणी हात लावेना. शहर घोटाघोटाला महाग, आणि आमच्या गल्लीत दोनशे लिटर दुखवट्याला बसलेलं.

म्हाळसाबाईनं गावी जन्मभर मेंढरं राखली. दुष्काळात कळप विकला आणि इथं येऊन ती गल्लीचे ड्रम राखू लागली. वहीप्रमाणे चाळीस, सगळे निळे. मी गावाहून आलो तेव्हा हुशारीनं त्यांच्यावर नंबर रंगवायला बसलो, तर तिनं ब्रश हिसकावला.

"मोजू नको रं, अजिनाथ. मोजलं की कळप घटतो. तोंड वळख."

ड्रमला तोंड असतं, हे मला महिन्याभरानं दिसायला लागलं. त्याच साली माझी आई गेली. मी जेवेना, तेव्हा पुढ्यात भाकरी सरकवून म्हाळसाबाई म्हणाली, "खा. तुझं बी तोंड वळखू येईना झालंय."

त्या गुरुवारनंतरच्या टँकरला पैठणहून आलेली द्वारकाबाई रांगेपाशी उभी होती. धरणाकाठचं माणूस पाण्यासाठी आमच्याकडं येतं, म्हणजे आमची प्रगतीच. कडेवर तापानं फणफणलेलं पोर. एखादी कळशी कुणीही दिली असती. रोजचं पाणी हवं तर वहीत नाव हवं.

"चाळीसचाच हुकूम हाय," फकिरा म्हणाला. "एक कटलं तरच एक चढंल."

सगळी गल्ली माझ्याकडं बघू लागली.

"म्हाळसामावशी लग्नाहून येणार नाय," मी म्हणालो.

फकिरानं पट्टी धरून सावकाश रेघ मारली. "म्हाईत हाय. तिच्या मातीला मी बी आलतो की. तुझ्या मागंच उभा व्हतो."

द्वारकाबाईला मी म्हाळसाबाईच्या ड्रमचं तोंड दाखवलं. तिला तोंड काही दिसेना, ती माझ्याकडंच बघत राहिली. मग मी घरी येऊन अर्ज लिहिला:

"मा. पाणीपुरवठा अधिकारी साहेब यांस, आमच्या गल्लीतील म्हाळसाबाई हे पद रिक्त झाले असून कार्यभार सध्या अर्जदाराकडे आहे. त्याला तो जमत नाही. तरी सदर जागी, शक्यतो त्याच आवाजाची, दुसरी म्हाळसाबाई तातडीने नेमण्यात यावी, ही नम्र विनंती."